काळी खुर्ची आणि हॉट सीट

सप्टेंबर २०१९ मध्ये आमच्या अमरावती जिल्ह्यातल्या अंजनगाव सुर्जीच्या बबिता ताडे यांनी ‘कौन बनेगा करोडपती’त एक कोटी रुपये जिंकले. शाळेत मुलांची खिचडी शिजवणारी बाई, महिन्याचे मानधन दीड हजार रुपये, आणि समोर अमिताभ बच्चन. मोर्शी आणि अंजनगाव ही जिल्ह्याची दोन टोके. एरवी एकमेकांच्या बातम्यांशी आमचे फारसे देणेघेणे नसते. पण त्या आठवड्यात बबिताताई सगळ्या वऱ्हाडाच्या झाल्या होत्या.

या लेखाच्या निमित्ताने मी एक साधा उद्योग केला. माझे झेरॉक्सचे दुकान आहे, माणसांची ये-जा असते. ओळखीच्यांना विचारत गेलो, बबिताताई आठवतात का? सगळ्यांना आठवत होत्या. खिचडी आठवली, दीड हजार आठवले, स्वतःचा मोबाइल हवा म्हणाल्या होत्या आणि तो त्यांना तिथे भेट मिळाला, हेही आठवले. “ते खिचडीवाली बाई न? लय रडू आलं बाप्पा,” एक काका म्हणाले. मग मी दुसरा प्रश्न टाकी, त्यांना एक कोटीचा प्रश्न कोणता आला होता? इथे मात्र प्रत्येक जण अडला. खरे सांगायचे तर मलाही आठवत नव्हता, शोधून काढावा लागला.

प्रश्न असा होता : बहादूरशाह जफरच्या दरबारातल्या कोणत्या कवीने ‘दास्तान-ए-गदर’ लिहून १८५७ च्या उठावाचा स्वतःचा अनुभव नोंदवला? पर्याय चार. मीर तकी मीर, मोहम्मद इब्राहिम जौक, जहीर देहलवी आणि फिरदौसी. आता हा प्रश्न जरा सावकाश वाचावा. फिरदौसी इराणचा, शाहनाम्याचा कर्ता, हजार वर्षांपूर्वीचा. तो लगेच गळतो. मीर १८१० मध्ये वारला, म्हणजे सनावळी जाणणाऱ्याला तोही गळतो. खरी मेख जौकमध्ये आहे. जौक जफरच्या दरबारातलाच, बादशहाचा काव्यगुरू. नाव सर्वांत ओळखीचे. पण तो १८५४ मध्ये गेला, उठावाच्या तीन वर्षे आधी. उरतो जहीर देहलवी, ज्याचे नाव चौघांत सर्वांत कमी ऐकलेले. प्रश्न काढणारा माणूस कसलेला होता. आणि खिचडीच्या चुलीपासून जहीर देहलवीपर्यंतची वाट कशी होती, ही या सगळ्या प्रकरणातली माझ्या मते सर्वांत मोलाची गोष्ट होती. आपण सगळ्यांनी चूल लक्षात ठेवली आणि देहलवी विसरलो.

हा विचार डोक्यात यायला मला सातासमुद्रापार जावे लागले, हे कबूल केले पाहिजे.

२०२३ च्या नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये मी आणि सौ. मुलीकडे इंग्लंडात सहा आठवडे होतो. तिकडे मुलांकडे गेलेल्या आईबापांची दिनचर्या या अंकाच्या पुष्कळ वाचकांना ठाऊक असेल. मुलगी-जावई सकाळीच कामावर, बाहेर पाऊस, आणि दुपारी चार वाजताच दिवस बुडतो. उरतो टीव्ही. तिकडे घरटी टीव्हीचा परवाना काढावा लागतो आणि त्या पैशावर बीबीसी चालते, म्हणून तिच्यावर जाहिराती नाहीत. (आपल्याकडेही एके काळी रेडिओचा परवाना पोस्टातून काढावा लागे. माझ्या वडिलांचे ते पुस्तक अजून पेटीत आहे.) जाहिराती नसल्याने कार्यक्रम अर्ध्या तासाचा म्हणजे खरोखर अर्ध्या तासाचा. मी प्रश्नमंजूषा पाहू लागलो, कारण मालिकांमधले इंग्रजी मला झेपेना. प्रश्न मात्र पडद्यावर लिहूनही येतात, खाली अक्षरपट्टी लावता येते, आणि उत्तर सांगितले की विषय संपतो. इंग्रजी अर्धवट येणाऱ्या पाहुण्याने तिकडची भाषा कानावर घालून घ्यायची तर याहून चांगला मार्ग नाही. जाणाऱ्यांच्या उपयोगाचे म्हणून माझा अनुभव सांगतो.

सायंकाळी पाचच्या सुमारास आयटीव्हीवर ‘द चेस’ लागते. चार सामान्य स्पर्धक आणि त्यांचा पाठलाग करणारा एक निष्णात प्रश्नवीर. या पाठलाग करणाऱ्यांत पॉल सिन्हा हे बंगाली वंशाचे डॉक्टर आहेत, आणि शॉन वॉलेस हे व्यवसायाने वकील. खेळ सोपा, वेग दांडगा; सौ.ला हाच आवडला. त्याच वेळेला बीबीसीवर ‘पॉइंटलेस’. याचा नियम उलटा आहे. प्रश्न आधी शंभर लोकांना विचारून ठेवलेले असतात, आणि स्पर्धकाने बरोबर पण कमीत कमी लोकांना सुचलेले उत्तर द्यायचे. जे एकालाही सुचले नाही ते सर्वांत मोलाचे. आयुष्यभर कुणाला नको असलेल्या पोथ्यांच्या मागे फिरलेल्या माझ्यासारख्याला हा नियम फारच भावला, हे सांगायला नको. दुपारचा ‘काउंटडाउन’ अक्षरांचा आणि आकड्यांचा खेळ. १९८२ मध्ये चॅनेल फोर सुरू झाले तेव्हापासून चालू आहे आणि जिंकणाऱ्याला चहाची किटली मिळते. आकडेमोडीपुरता मीही त्यात टिकलो.

सोमवारची रात्र मात्र वेगळी. त्या दिवशी बीबीसी टूवर एकामागून एक तीन कार्यक्रम लागत : ‘मास्टरमाइंड’, ‘ओन्ली कनेक्ट’, ‘युनिव्हर्सिटी चॅलेंज’. ‘ओन्ली कनेक्ट’ २००८ पासूनचा. चार गोष्टी दाखवायच्या आणि त्यांना जोडणारा धागा ओळखायचा. बुद्धीचा खेळ म्हणून उत्तम, पण पाहुण्याला जवळपास बंद दरवाजा. कारण धागे सगळे तिकडच्या बिस्किटांचे, गाण्यांचे, रेल्वे स्टेशनांचे. मुलगी म्हणाली, “बाबा, तुम्ही तर एकाचंबी उत्तर देऊन नाही राहिले.” तिला म्हटले, तुझ्या इंग्रजांना मी वऱ्हाडातल्या लग्नाचे चार विधी सांगतो, जोडून दाखव म्हणावे. ‘युनिव्हर्सिटी चॅलेंज’ १९६२ पासून, विद्यापीठांच्या चार-चार मुलांचे संघ. आता त्याचे सूत्रसंचालन अमोल राजन करतात, जन्म कलकत्त्याचा. प्रश्न इतके अवघड की उत्तर येणे सोडाच, प्रश्न कळला तरी मी खूश होई. पण वीस वर्षांची मुले डोकी एकत्र आणून कुजबुजतात, चुकतात, हसतात, आणि शेवटी बक्षीस म्हणून पैसा नाही, एक चषक. हे पाहायला बरे वाटते.

इथे एक गैरसमज दूर करतो. हे सारे अस्सल ब्रिटिश आणि आपले मात्र उसने, असे नाही. ‘युनिव्हर्सिटी चॅलेंज’ अमेरिकेच्या ‘कॉलेज बोल’वरून घेतलेला, ‘काउंटडाउन’ फ्रेंच कार्यक्रमावरून. या धंद्यात सगळेच एकमेकांचे उसने घेतात. तेव्हा ‘करोडपती’ नक्कल आहे ही टीका मला पोकळ वाटते. प्रश्न असा की उसने घेतलेल्याचे आपण काय केले.

आता ‘मास्टरमाइंड’. बीबीसीचे निर्माते बिल राइट दुसऱ्या महायुद्धात विमानदलात होते, जर्मनांच्या कैदेत पडले, त्यांची चौकशी झाली. युद्धकैद्याने तीनच गोष्टी सांगायच्या असतात : नाव, हुद्दा, क्रमांक. त्या आठवणीतून त्यांनी १९७२ मध्ये हा कार्यक्रम उभा केला. अंधारी खोली, एक काळी खुर्ची, तिच्यावर एकच झोत. आणि सूत्रसंचालक मॅग्नस मॅग्नुसन तीनच गोष्टी विचारीत : नाव? व्यवसाय? तुमचा विषय? मग दोन मिनिटे त्या विषयावर प्रश्नांचा मारा. उत्तर येत नसेल तर ‘पास’ म्हणायचे. फेरी संपली की पास केलेल्या प्रश्नांची उत्तरे सांगितली जातात. नंतर सामान्य ज्ञानाची फेरी. वर्षाच्या शेवटी जिंकणाऱ्याला काचेचे एक पात्र. बस.

हा ‘तुमचा विषय?’ मला फार दिवस सोडीना. १९८० मध्ये फ्रेड हाउसेगो हा लंडनचा टॅक्सी ड्रायव्हर ‘मास्टरमाइंड’ जिंकला. १९८३ मध्ये क्रिस्टोफर ह्यूज, तो भुयारी रेल्वे चालवणारा. त्यांना व्यवसाय विचारला गेला, त्यांनी तो एका शब्दात सांगितला, आणि लगेच पुढचा प्रश्न विषयाचा. टॅक्सीवाला असून इतके कसे येते, असे आश्चर्य त्या खुर्चीच्या रचनेतच नाही. प्राध्यापकालाही तीच दोन मिनिटे आणि टॅक्सीवाल्यालाही तीच.

मी स्वतः बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला शिक्षण सोडले. गेली पंचवीस वर्षे महानुभावांच्या सकळ लिपीवर काम करतो आहे. ऋद्धपूर आमच्या मोर्शी तालुक्यातच. लहानपणी यात्रेला जायचो तेव्हा एका मठात ती सांकेतिक अक्षरे पाहिली. मराठीच, पण अक्षरांची अदलाबदल केलेली. तेव्हापासून नाद लागला. एका चर्चासत्रात निबंध वाचायला गेलो होतो, तिथे नोंदणीच्या टेबलावर विचारले, कोणते महाविद्यालय? म्हटले, झेरॉक्सचे दुकान. टेबलावरच्या बाईंनी रकाना रिकामा सोडला आणि नंतर अध्यक्षांनी ओळख करून देताना माझ्या दुकानाचेच कौतुक पाच मिनिटे केले. ‘परिस्थितीवर मात’ वगैरे. निबंधावर एक प्रश्न आला नाही. ते सारे सद्भावनेने बोलत होते, म्हणून तर राग कुणावर काढता येईना. त्या लीड्सच्या घरात, सोमवारी रात्री, काळ्या खुर्चीकडे बघताना मला तो रिकामा रकाना आठवला.

आता आपली हॉट सीट. ‘हू वॉन्ट्स टू बी अ मिल्यनेअर?’ ४ सप्टेंबर १९९८ रोजी ब्रिटनमध्ये सुरू झाला आणि ३ जुलै २००० रोजी तो ‘कौन बनेगा करोडपती’ होऊन स्टार प्लसवर आला. मोर्शीत त्या काळात रात्री नऊला वीज गेली तर लोक महावितरणाच्या पूर्वजांचा, म्हणजे मंडळाचा, जो उद्धार करीत तो छापण्यासारखा नाही. संगीत तेच, दिवे तेच, चार पर्याय तेच. इकडे ऑक्टोबर २००० मध्ये मुंबईचा हर्षवर्धन नवाथे हा मराठी तरुण एक कोटी जिंकला. गंमत म्हणजे खुद्द ब्रिटनमध्ये पहिले दहा लाख पौंड जुडिथ केपेल यांनी जिंकले ते त्यानंतर, २० नोव्हेंबरला. उसनी वस्तू आपण धन्याच्या आधी पूर्ण वापरून दाखवली होती.

नवाथेंचा शेवटचा प्रश्न मला आजही आठवतो, आणि माझ्या वयाच्या पुष्कळांना आठवतो : राज्यघटना यांपैकी कुणाला संसदेच्या कामकाजात भाग घेण्याची मुभा देते? उत्तर, महान्यायवादी. ते स्पर्धा परीक्षेची तयारी करत होते, त्यामुळे ते घटनेवरच्या प्रश्नाला भिडणारच, हे प्रेक्षकाला पटत होते. पुढे गावोगावच्या अभ्यासिकांत हा प्रश्न सराव-पुस्तकांत छापून आला. म्हणजे सन २००० च्या विजेत्याचा प्रश्न लक्षात आहे आणि २०१९ च्या विजेतीचा नाही. मधल्या काळात काहीतरी बदलले.

बदलले ते असे. स्पर्धक बसायच्या आधी त्याच्या घराची, गल्लीची, आईच्या डोळ्यांतल्या पाण्याची चित्रफीत येऊ लागली. दोन प्रश्नांच्या मधला वेळ वाढला. प्रश्न हा कहाणीला लागणारा अल्पविराम झाला. मराठीत हा कार्यक्रम २०१३ मध्ये ई टीव्ही मराठीवर सचिन खेडेकरांना घेऊन आला, २०१९ मध्ये सोनी मराठीवर नागराज मंजुळेंनी केला. मंजुळे स्पर्धकाशी बोलत ते बरोबरीने बोलत, हा त्यांचा गुण. तरी साचा तोच राहिला. लंडनहून आलेल्या साच्यात गरिबी दाखवायची जागा मुळात फार थोडी होती. ती आपण करून घेतली.

आणि यात एक चुकलेली संधीही आहे. ‘करोडपती’ची निर्मिती ज्या सिद्धार्थ बसूंच्या संस्थेने केली, तेच बसू १९९८ पासून बीबीसी वर्ल्डवर ‘मास्टरमाइंड इंडिया’ सादर करीत होते. त्याआधी दूरदर्शनवर ‘क्विझ टाइम’ही त्यांचाच. म्हणजे काळी खुर्ची आणि हॉट सीट या दोन्ही एकाच माणसाच्या हाताने दोन वर्षांच्या अंतराने आपल्याकडे आल्या. एक इंग्रजीत बोलत होती, केबलच्या एका कोपऱ्यात. दुसरी हिंदीत, घराघरांत. खुर्ची २००२ पर्यंत टिकली. हॉट सीट अजून आहे. ‘तुमचा विषय कोणता?’ हा प्रश्न मराठीत, हिंदीत मोठ्या पडद्यासमोर कधी विचारलाच गेला नाही. जर विचारला गेला असता तर तो चालला नसता, असे म्हणणारे म्हणतील. मला तसे वाटत नाही, पण सिद्ध करायला माझ्याकडे काही नाही.

इतके लिहून झाल्यावर मी मजकूर मुलीला फोनवर वाचून दाखवला. ती गप्प राहिली आणि मग म्हणाली, “बाबा, ते दीड हजार रुपये त्या कार्यक्रमानं सांगितले नसते तर देशाला समजले असते का?” हे उत्तर मला ‘पास’ करता येईना. पोषण आहाराच्या बायका काय मानधनावर राबतात हे त्या बायकांना आणि त्यांच्या संघटनांना ठाऊक होते; हॉट सीटने ते एका रात्रीत सगळ्यांच्या घरात नेले. काळ्या खुर्चीने हे कधीच केले नसते. टॅक्सीवाल्याला आठवड्याला काय सुटते ते विचारणे तिथे असभ्य ठरले असते. इंग्रजांचा तो अबोलपणा हा सभ्यपणा आहे की बघायचे टाळणे, हे मला सहा आठवड्यांत ठरवता आले नाही. तेव्हा माझी तक्रार दीड हजारांच्या उल्लेखाबद्दल नाही. उल्लेख तिथेच थांबतो, त्याबद्दल आहे. बबिताताईंना पुढे सात कोटींचा प्रश्न आला : सर्वाधिक राष्ट्रपती कोणत्या राज्याच्या माजी राज्यपालांतून झाले? त्यांनी खेळ सोडला. उत्तर बिहार, झाकीर हुसेन आणि रामनाथ कोविंद दोघेही तिथे राज्यपाल होते. खेळ कुठे सोडायचा हे कळणे हीसुद्धा जाणकारीच. तीही कुणाला आठवत नाही.

ऋद्धपूरच्या परंपरेत महदाइसेचे नाव घेतात ते ‘धवळे’ रचणारी आद्य कवयित्री म्हणून. पण ‘लीळाचरित्र’ वाचताना ती दिसते ती सारखे काही ना काही विचारणारी बाई म्हणून. आठशे वर्षांपूर्वी एका बाईचे प्रश्न नावानिशी नोंदवून ठेवावेत इतके मोलाचे वाटले. ती कुठल्या घरची, काय खात होती, यापेक्षा तिने काय विचारले हे म्हाइंभटांनी जपले. त्या गावापासून काही मैलांवर राहून मी हे सारे लीड्सच्या सोफ्यावर शिकलो, यात माझे हसे आहेच.

परत आल्यावर आम्ही इथल्या वाचनालयात एका रविवारी काळ्या खुर्चीचा घरगुती प्रयोग केला. खुर्ची प्लास्टिकची, निळी. पहिले बसले माझे शेजारी, संत्र्याचे बागायतदार. नाव सांगितले. व्यवसाय, शेती. विषय, संत्रा. मी पुस्तकांतून आणि कृषी विद्यापीठाच्या पत्रिकांतून वीस प्रश्न काढले होते : आंबिया बहार कधी धरतात, मृग बहाराला ताण किती दिवस, जंबेरीच्या खुंटावर आणि रंगपूर लिंबाच्या खुंटावर फरक काय, डिंक्या कशाने येतो, कोळशीचे मूळ कोणत्या किडीत. दोन मिनिटांत त्यांनी अकरा उत्तरे दिली, एक पास केले. मग खुर्चीतून न उठता म्हणाले, “भाऊ, तुमचे दोन प्रश्नच चुकीचे आहेत.” आणि ते का चुकीचे, हे सांगायला त्यांनी पुढचा पाऊण तास घेतला.